पाण्यातून खडक कसा वाचावा: उल्हास खोऱ्यापासून चुनखडकातील झऱ्यांपर्यंत

जुलै महिन्यात येऊरच्या डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यावाटे काही तासांतच खाडीला मिळतो, आणि त्या वेळी ते जवळजवळ पावसाचेच पाणी असते. त्याच डोंगराच्या पायथ्याची हापशी एप्रिलमध्ये जे पाणी देते, ते मात्र मुरमातून आणि काळ्या कातळाच्या भेगांतून महिनोन्‌महिने झिरपत आलेले असते, आणि त्यात त्या कातळाचा अंश विरघळलेला असतो. या दोन पाण्यांतला फरक मोजणे आणि त्या फरकातला खडकाचा, समुद्राचा, मातीचा व माणसाचा वाटा वेगळा काढणे, हे नद्यांच्या आणि भूजलाच्या भू-रसायनशास्त्राचे मूळ काम आहे. हा लेख ते काम प्रत्यक्ष करू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, महाविद्यालयीन शिक्षकांसाठी आणि नदीवर मनापासून काम करणाऱ्या गटांसाठी लिहिला आहे.

या विषयावरचे जगभरातले पुष्कळ संशोधन चुनखडकाच्या, म्हणजे कार्स्ट प्रदेशांतले आहे. हे नाव स्लोव्हेनिया आणि इटली यांच्या सीमेवरील क्रास पठारावरून आले. ठाणे जिल्ह्यात मात्र चुनखडक नाही. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे. तरीही कार्स्टवर काम करण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याला मी आधी दोन हंगाम उल्हासच्या खोऱ्यात काम करायला सांगतो, कारण दोन्हीकडची हत्यारे तीच आहेत आणि दोन्हीकडचा पहिला नियमही तोच आहे. पाणी बाटलीत शिरल्या क्षणापासून बदलू लागते. जे बदलणार आहे ते पाण्याच्या काठावरच मोजावे लागते, आणि पुढचे सगळे गणित त्या काठावरच्या पंधरा-वीस मिनिटांवर उभे राहते.

ठिकाणांची निवड

नकाशा समोर ठेवून पहिला प्रश्न विचारावा: या ठिकाणच्या पाण्याने वर काय काय पाहिले आहे? उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूने घाट उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर असे करत कल्याणच्या खाडीला येते. वाटेत बारवी आणि काळू तिला मिळतात, आणि काळूमध्ये त्याआधीच भातसा आलेली असते. कागदावर हे सोपे दिसते, पण प्रत्यक्षात तीन गोष्टी गणित बिघडवतात.

पहिली गोष्ट म्हणजे भरती. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली घेतलेल्या पाण्यात समुद्राचा हिस्सा असतो, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ ग्रॅमहून अधिक क्लोराइड असल्यामुळे त्याचा शंभरावा भाग जरी नदीत मिसळला, तरी खडकाची सगळी खूण त्याखाली झाकली जाते. खडक वाचायचा असेल तर भरतीची हद्द जिथे संपते त्याच्या वरच जावे. दुसरी गोष्ट धरणांची आहे. धरणाखालचा नमुना हा त्या दिवशीच्या नदीचा नमुना नसतो. तो गेल्या पावसाळ्यात साठलेल्या आणि उन्हात तापलेल्या जलाशयाचा नमुना असतो, आणि त्यातली थोडी सिलिका डायॅटम शेवाळांनी आधीच खाल्लेली असते.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी उल्हासच्या खोऱ्यात उतरते, आणि ते पाणी मुळात सह्याद्रीच्या पूर्वेकडचे, ठोकरवाडी धरणातले, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले असते. उन्हाळ्यात कर्जतच्या खाली नदी वाहती दिसते याचे मोठे कारण हेच आहे. ज्याने हे ध्यानात न घेता मार्च महिन्यात नेरळला नमुना घेतला आणि त्यावरून उल्हासच्या खोऱ्यातल्या खडकाच्या झिजेचा वेग काढला, त्याने प्रत्यक्षात घाटावरच्या पाण्याचा हिशेब कोकणाच्या नावावर मांडला.

म्हणून सुरुवातीला एक लहान, धरण नसलेला, वस्ती कमी असलेला ओढा निवडावा. येऊरचे किंवा माहुलीच्या पायथ्याचे ओढे यासाठी योग्य आहेत. मात्र येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. त्यानंतर काळू टिटवाळ्याच्या वर, भातसा वासिंदला आणि उल्हास बदलापूरच्या वर अशी तीन ठिकाणे जोडावीत. वालधुनीसारखी औद्योगिक आणि घरगुती सांडपाण्याने भरलेली नदी खडकाच्या अभ्यासासाठी निरुपयोगी आहे, पण माणसाचा वाटा कसा दिसतो हे शिकण्यासाठी तिथला एक नमुना जरूर घ्यावा. भूजलासाठी डोंगराजवळच्या पाड्यावरची एक हापशी, मैदानातली एक वापरती विहीर आणि बाळकुम-कोलशेतसारख्या खाडीलगतच्या गावठाणातली एक विहीर इतके पुरेसे आहे. गावातल्या जाणत्या बाईमाणसांना विचारावे की या विहिरीत डाळ शिजते का, साबणाला फेस येतो का, आणि उधाणाच्या दिवसांत चव बदलते का. हे प्रश्न वहीत उत्तरांसकट लिहावेत. ती माहिती यंत्रातून मिळत नाही.

काय काय सोबत हवे

सामू म्हणजे पीएच मोजणारा हातातला मीटर, विद्युतवाहकतेचा म्हणजे ईसीचा मीटर, तापमापक, ०.४५ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर, ५० मिलिलिटरची सिरिंज, जाड प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या, १० मिलिलिटरची बारीक खुणांची ब्युरेट किंवा तितकीच अचूक सिरिंज, १०० मिलिलिटरचा मोजपात्र, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा दर्शक, ऊर्ध्वपातित पाणी, बर्फाची पेटी आणि पेन्सिल. शाईचे पेन पावसात फसवते, पेन्सिल फसवत नाही. बाटल्या आदल्या दिवशी विरल आम्लाने आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुऊन झाकण लावून ठेवाव्यात. सिलिका मोजायची असल्यास काचेची बाटली वापरू नये, कारण काच स्वतःच सिलिका सोडते, आणि तो नमुना गोठवूही नये.

आम्लाबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. तीव्र नायट्रिक आम्ल लोकलमधून नेणे रेल्वेच्या नियमांना धरून नाही आणि गर्दीत ते जिवावर बेतू शकते. गट करून एखादी गाडी ठरवावी. ते शक्य नसेल तर धन आयनांचा (कॅल्शियम, सोडियम यांसारख्या धन प्रभार असलेल्या विरघळलेल्या कणांचा) नमुना काठावर फक्त गाळून घ्यावा, त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत आम्ल घालावे आणि त्यानंतर किमान एक पूर्ण दिवस थांबून मगच मोजणी करावी, म्हणजे बाटलीच्या भिंतीला चिकटलेले धातू परत पाण्यात येतात.

पाण्याच्या काठावर

सकाळी एका ठराविक वेळीच पोहोचावे आणि दर महिन्याला तीच वेळ पाळावी. संथ नदीत शेवाळ दिवसभर प्रकाशसंश्लेषणातून कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, आणि त्यामुळे सकाळी आठचा सामू व दुपारी तीनचा सामू एकाच ठिकाणी वेगवेगळे येतात. पाणी नेहमी धारेतून घ्यावे, काठालगतच्या डबक्यातून घेऊ नये. हापशी असेल तर ईसीचा आकडा स्थिर होईपर्यंत उपसत राहावे, कारण नळीत रात्रभर उभे राहिलेले पाणी हे खडकातले पाणी नव्हे.

क्रम असा ठेवावा. प्रथम तापमान, लगेच सामू, मग ईसी. सामूचा मीटर त्याच सकाळी ७ आणि ४ सामूच्या प्रमाणित द्रावणांत लावून घेतलेला असावा. इलेक्ट्रोड शक्यतो वाहत्या पाण्यातच धरावा. ते जमत नसेल तर पात्र काठोकाठ भरून घ्यावे आणि जोराने ढवळू नये, कारण ढवळताना विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि सामू चढू लागतो. पावसाळ्यात पाणी फार मऊ असते, त्यात आकडा स्थिरावायला पाच मिनिटेही लागतात. तेवढा वेळ द्यावाच लागतो.

नंतर गाळणे. फिल्टरमधून आलेले पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत, त्याच गाळलेल्या पाण्याने बाटली विसळावी आणि दोन बाटल्या भराव्यात. एक धन आयनांसाठी, जिच्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घालून सामू २ च्या खाली आणायचा असतो, आणि दुसरी ऋण आयनांसाठी, जिच्यात काहीही घालायचे नसते. या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर नायट्रेटचा आकडा अवाच्या सवा येतो, म्हणून झाकणांना दोन वेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या घरूनच लावून आणाव्यात. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा घ्यावा, आणि दर फेरीत ऊर्ध्वपातित पाणी त्याच सिरिंजमधून, त्याच फिल्टरमधून काढून त्याची एक बाटली भरावी. तिच्यात सोडियम सापडले तर ते नदीचे नव्हे, आपल्या हातांच्या घामाचे आहे हे कळते.

बायकार्बोनेट: सगळ्यात महत्त्वाचा आकडा

गोड्या पाण्यात ऋण आयनांचा सर्वांत मोठा वाटा बहुधा बायकार्बोनेटचा असतो. पावसाचे पाणी मातीतून जाताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते, त्याचे सौम्य कार्बोनिक आम्ल होते, ते खडकावर काम करते, आणि त्या कामाची पावती म्हणून बायकार्बोनेट पाण्यात उरते. म्हणून खडकाची झीज किती झाली हे सांगणारा हा पहिला आकडा आहे, आणि नेमका तोच बाटलीत ठेवल्यावर बिघडू शकतो. तो अल्कलिनिटीच्या टायट्रेशनने, म्हणजे ठाऊक तीव्रतेचे आम्ल मोजून घालत, काढतात. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, आणि आपल्या नद्यांच्या साध्या पाण्यात ती जवळजवळ सगळी बायकार्बोनेटचीच असते.

कृती सावकाश करावी. गाळलेले १०० मिलिलिटर पाणी पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या स्वच्छ पात्रात घ्यावे आणि दर्शकाचे तीन थेंब घालावेत. पाणी निळे होते. आता ०.०२ नॉर्मल गंधकाम्ल ब्युरेटमधून सोडत पात्र हलके फिरवत राहावे. पहिले आठ-नऊ मिलिलिटर काहीच घडत नाही असे वाटते, आणि नेमके तिथेच नवशिक्या हाताचा वेग वाढतो. मग थेंब पडतो त्या जागी क्षणभर पिवळसर डाग दिसतो आणि फिरवल्यावर निळ्यात जिरतो. इथून थेंबाथेंबाने जावे. निळ्याचे हिरवे होते, आणि हिरव्यात पहिल्यांदा पिवळेपण स्थिर राहते तिथे थांबावे. तिथे सामू सुमारे ४.५ असतो. मीटर पात्रात धरून तो पडताळून पाहावा.

समजा, १०.० मिलिलिटर आम्ल लागले. १० ला ०.०२ ने गुणून, १००० ने गुणून १०० ने भागल्यास लिटरला २.० मिली-इक्विव्हॅलंट (आयनांचा प्रभार मोजायचे एकक) अल्कलिनिटी येते, आणि तिला ६१ ने गुणले की १२२ मिलीग्रॅम बायकार्बोनेट. तीनदा टायट्रेशन करावे आणि आकडे ०.१ मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

माझ्या पहिल्या हंगामात मी हे काम दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आरामात करत असे. बाटल्या अर्ध्या भरलेल्या असत, वर हवा असे, प्रवासात त्या हिंदकळत येत. सहा महिन्यांच्या नमुन्यांचा सामू मी अशाच पद्धतीने घेतला होता, आणि त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष नंतर मला मागे घ्यावा लागला. तो हंगाम परत मिळाला नाही. म्हणूनच मी ही पायरी इतक्या बारकाव्याने सांगतो आहे.

प्रयोगशाळेत, आणि प्रभाराचा ताळा

आयन क्रोमॅटोग्राफ किंवा आयसीपी यंत्र उपलब्ध असेल तर उत्तमच. पण साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही सोडियम आणि पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ईडीटीए टायट्रेशनने, क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने आणि सिलिका मॉलिब्डेटच्या रंगपद्धतीने पुरेशा विश्वासाने मोजता येतात.

आकडे हाती आल्यावर सर्वप्रथम ताळा करावा. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असते, त्यामुळे धन आयनांची आणि ऋण आयनांची बेरीज मिली-इक्विव्हॅलंटमध्ये सारखी यायला हवी. उदाहरणादाखल एक नमुना घेऊ. कॅल्शियम २४, मॅग्नेशियम ९.६, सोडियम १३.८, पोटॅशियम ०.८, बायकार्बोनेट १२२, क्लोराइड १२.४ आणि सल्फेट ७.२, सर्व मिलीग्रॅम प्रति लिटर. प्रत्येकाला त्याच्या तुल्यभाराने (आयनाचा भार भागिले त्याचा प्रभार) भागले की धन आयन १.२०, ०.७९, ०.६० आणि ०.०२ असे मिळून २.६१ होतात, आणि ऋण आयन २.००, ०.३५ आणि ०.१५ असे मिळून २.५०. फरकाला एकूण बेरजेने भागले तर तफावत सुमारे २ टक्के येते. ५ टक्क्यांच्या आतली तफावत सामान्यतः स्वीकारतात. आणखी एक झटपट पडताळा असा की ईसीच्या आकड्याला १०० ने भागले की धन आयनांची बेरीज साधारण येते. या नमुन्याची ईसी २६० मायक्रोसिमेन्सच्या आसपास असायला हवी, ती ४०० दिसली तर काहीतरी मोजायचे राहिले आहे.

एक इशारा इथेच देणे मला आवश्यक वाटते. ताळा जुळत नाही म्हणून बायकार्बोनेटचा आकडा वजाबाकीने काढून घालण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. असे केले की ताळा नेहमीच जुळतो आणि चूक कायमची लपते.

समुद्राचे मीठ वजा करणे

कोकणातला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि येताना मिठाचे कण घेऊन येतो. तेव्हा नदीतले सगळे सोडियम खडकाचे नसते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडच्या प्रत्येक मोलमागे सोडियम ०.८६ मोल, मॅग्नेशियम सुमारे ०.०९७ मोल आणि कॅल्शियम सुमारे ०.०१९ मोल असते. बेसाल्टमध्ये क्लोराइड नगण्य असल्यामुळे, स्वच्छ ओढ्यातले सगळे क्लोराइड समुद्राचे मानून त्या प्रमाणात बाकीचे वजा करता येते.

वरच्या नमुन्यात क्लोराइड ०.३५ मिलिमोल आहे. त्यासोबत आलेले सोडियम ०.३०, म्हणजे खडकाच्या वाट्याला ०.६० पैकी ०.३० मिलिमोल उरले, नेमके अर्धे. कॅल्शियममधून जेमतेम ०.००७ वजा होऊन ०.५९ उरते. आता कॅल्शियमला सोडियमने भागल्यास सुमारे २ येते. बेसाल्टमध्ये कॅल्शियम ऑक्साइड १० टक्क्यांच्या आसपास आणि सोडियम ऑक्साइड २ ते २.५ टक्के असते, त्यावरून खडकातलेच हे गुणोत्तर मोलमध्ये २ च्या थोडे वर निघते. म्हणजे पाणी आणि खडक एकमेकांशी सुसंगत आहेत.

इथे परदेशी निकष आंधळेपणाने वापरण्याचा धोका आहे. गायार्दे आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली जगातल्या ६० मोठ्या नद्यांवरून जे निकष मांडले, त्यांत सिलिकेट खडकांसाठी हे गुणोत्तर ०.३५ च्या आसपास आणि कार्बोनेट खडकांसाठी ५० च्या आसपास आहे. तो सिलिकेटचा आकडा मुख्यतः ग्रॅनाइटी प्रदेशांचा आहे. तो उल्हासला लावला तर २ हे गुणोत्तर पाहून इथे चुनखडक विरघळतो आहे असा भलताच निष्कर्ष निघेल. दख्खनसाठी दख्खनचेच अभ्यास समोर ठेवावेत. देसेर आणि सहकाऱ्यांचे २००१ चे काम, आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील दास, कृष्णस्वामी, सरीन व पांडे यांचे कृष्णा खोरे आणि पश्चिम घाटातील प्रवाहांवरचे २००५ चे काम, ही दोन्ही आधी वाचावीत. मात्र बेसाल्टच्या पोकळ्यांत आणि भेगांत थोडे कॅल्साइटही असते, त्यामुळे गुणोत्तर ४-५ च्या वर जाऊ लागले तर त्याची शंका घ्यायला हवी. सांडपाणी मिसळलेल्या नदीत ही वजाबाकी करूच नये, कारण तिथले क्लोराइड समुद्रापेक्षा आपल्या स्वयंपाकघरांतून आणि शौचालयांतून जास्त आलेले असते. सोबत नायट्रेट वाढलेले दिसले की तो अंदाज पक्का होतो.

पायपरचा १९४४ चा, आयनांच्या टक्केवारीवरून काढायचा आलेख नमुन्यांचे प्रकार नजरेत भरवतो, तो काढावा. पाण्यावर पाऊस, खडक की बाष्पीभवन यांपैकी कोणाचा प्रभाव आहे हे दाखवणाऱ्या गिब्जच्या १९७० च्या आलेखावर मात्र विसंबून थांबू नये. आपल्याकडचे बहुतेक नमुने त्यात खडकाच्या प्रभावक्षेत्रात पडतात, आणि कोणता खडक हा खरा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहतो.

पाणी किती वाहते

झीज किती हे सांगायचे तर प्रवाह मोजावाच लागतो. सरळ, सारख्या रुंदीचा २० मीटरचा पट्टा निवडून त्यात नारळ सोडावा. तो अर्धा बुडून तरंगतो, म्हणून वाऱ्याने कमी ढकलला जातो. समजा, त्याला ४० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.५ मीटर, आणि ०.८५ ने गुणून सरासरी वेग ०.४२५ मीटर. काठीने खोली मोजून काढलेले छेदाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर असेल, तर प्रवाह सेकंदाला २.५५ घनमीटर. वरच्या नमुन्यातले २४ मिलीग्रॅम कॅल्शियम धरले तर हा एवढासा प्रवाह दिवसाला सुमारे ५.३ टन कॅल्शियम वाहून नेतो. पूर असताना पाण्यात उतरू नये. पुलावरून बादलीने नमुना घ्यावा आणि पातळी खांबावरच्या खुणेवरून लिहून घ्यावी.

हेच हात चुनखडकात

आता कार्स्ट. महाराष्ट्रात चुनखडक यवतमाळ-चंद्रपूरच्या बाजूला आहे, आणि देशातले सर्वांत लक्षवेधी कार्स्ट मेघालयात, जैंतिया टेकड्यांत, जिथे क्रेम लियात प्राह ही ३० किलोमीटरहून लांब गुहा आहे. तिथे तीन गोष्टी बदलतात.

पहिला बदल रसायनाचा. कॅल्साइट बेसाल्टच्या खनिजांपेक्षा कितीतरी झपाट्याने विरघळते, त्यामुळे पाणी लवकरच संपृक्ततेजवळ, म्हणजे आणखी कॅल्साइट विरघळू शकत नाही अशा अवस्थेजवळ, पोहोचते आणि प्रश्न बदलतो: हे पाणी अजून खडक खाते आहे, की चुना परत टाकते आहे? याचे उत्तर संपृक्तता निर्देशांक देतो. ऋण असेल तर पाणी विरघळवते, धन असेल तर निक्षेपण करू शकते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा फ्रीक-सी हा मोफत संगणकीय प्रोग्राम तो काढून देतो, पण एकदा तरी हाताने काढावा. समजा, झऱ्याच्या पाण्यात कॅल्शियम ८० आणि बायकार्बोनेट २४४ मिलीग्रॅम आहे, तापमान २५ अंश आणि झऱ्याच्या तोंडाशी मोजलेला सामू ७.०. निर्देशांक सुमारे उणे ०.१ येतो, आणि त्या पाण्याशी समतोलात असलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड २.४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या पन्नासपटीहून अधिक. ही मातीच्या आतली हवा आहे. आता तीच बाटली संध्याकाळी मुक्कामावर उघडली आणि तोवर वायू निसटून सामू ७.६ झाला असेल, तर निर्देशांक अधिक ०.५ येतो. खडक खाणारे पाणी कागदावर चुना टाकणारे ठरले. सामूतली जितकी चूक तितकीच निर्देशांकातली चूक, असा हा सरळ व्यवहार आहे. बेसाल्टच्या ओढ्यावर लावलेली काठावर मोजण्याची शिस्त इथे उपयोगी पडते.

दुसरा बदल वेळेचा. उल्हासला महिन्यातून एक नमुना बरेच काही सांगतो, पण चुनखडकातला झरा पावसाला काही तासांत उत्तर देऊ शकतो, कारण पाणी खडकाच्या छिद्रांतून झिरपण्याऐवजी मोठ्या भुयारी वाटांनी धावते. तिथे ईसी आणि तापमान दर १५ मिनिटांनी नोंदवणारे यंत्र ठेवावे. पाऊस झाल्यावर कधी आधी ईसी किंचित चढते, कारण नव्या पाण्याच्या दाबाने आतले जुने, खडकात मुरलेले पाणी पुढे ढकलले जाते, आणि मग ताजे पाणी येऊन पोहोचले की ती झपकन उतरते. शूस्टर आणि व्हाइट यांनी १९७१ साली पेन्सिल्व्हेनियातल्या झऱ्यांवर काम करून पाण्याच्या कठीणपणाचा (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणाचा) वर्षभरातला चढउतार हाच झऱ्याच्या प्रकाराचा निकष ठरवला. चढउतार थोडा असेल तर पाणी बारीक भेगांतून येते, आणि जास्त असेल तर भुयारी वाटेने. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने या फरकाला फार महत्त्व आहे, कारण भुयारी वाटेने आलेले पाणी वाटेत गाळले जात नाही.

म्हणूनच पाणलोटाची हद्दही इथे डोंगराच्या धारेवरून ठरत नाही. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदी इमेंडिंगेनजवळ जमिनीत गडप होते तिथे भूवैज्ञानिक क्नॉप यांनी १० किलो फ्लुओरेसिन रंग सोडला, आणि सुमारे ६० तासांनी तो १२ किलोमीटर दूर आखच्या झऱ्यात हिरवा होऊन उगवला. डॅन्यूबचे पाणी अशा रीतीने ऱ्हाईनच्या खोऱ्यात जाते हे त्यातून सिद्ध झाले. रंगाचा प्रयोग गावाला आणि स्थानिक प्रशासनाला आधी सांगितल्याशिवाय कधीही करू नये.

तिसरा बदल हिशेबाचा. कार्बोनिक आम्लाने चुनखडक विरघळतो तेव्हा पाण्यातले निम्मे बायकार्बोनेट हवेतून व मातीतून येते आणि निम्मे खडकातून. बेसाल्टमध्ये मात्र ते बहुतांशी सगळे हवेतल्या कार्बनचे असते. समुद्रात कॅल्साइट परत बनते तेव्हा निम्मा कार्बन पुन्हा हवेत जातो, म्हणून लाखो वर्षांच्या मापाने चुनखडकाची झीज हवेतला कार्बन कमी करत नाही आणि बेसाल्टची झीज करते. आणि खडक कार्बोनिक आम्लाऐवजी गंधकाम्लाने विरघळत असेल, तर हा हिशेब उलटाही होतो. जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या खाणींतल्या पायराइटपासून गंधकाम्ल तयार होते आणि तेथील प्रवाहांत उतरते. अशा ठिकाणी बायकार्बोनेटच्या जोडीने सल्फेट न मोजता कार्बनचा हिशेब मांडणे सरळसरळ चुकीचे आहे.

मेघालयाला जाण्याआधी इथली तयारी पुरी करावी. पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये एक फेरी, जानेवारीत दुसरी, मे महिन्यात तिसरी आणि जुलैच्या जोरात चौथी, अशा उल्हास-काळू-भातसाच्या चार फेऱ्यांत प्रत्येक वेळी ताळा ५ टक्क्यांच्या आत आला आणि दोनदा घेतलेले नमुने आपसांत जुळले, की चुनखडकाच्या प्रवासाचे तिकीट काढावे. प्रत्येक नमुन्याची गाळलेली एक जादा बाटली शीतकपाटात ठेवावी, आणि वहीत त्या बाटलीच्या क्रमांकासमोर काठावरचा सामू, तापमान, ब्युरेटचे तिन्ही आकडे, आकाश कसे होते आणि नदीच्या वरच्या अंगाला त्या दिवशी काय चालले होते हे सगळे लिहावे.